मॅक्सिमाच्या जुन्या फाइली सिम्पायमध्ये उतरवायच्या आहेत, लिस्प पहिल्यांदाच बघते आहे

पळसफूल
(यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गणित शिकवते. आमचे एक सर नुकतेच निवृत्त झाले. डिफरन्शियल इक्वेशनच्या प्रात्यक्षिकांसाठी त्यांनी मॅक्सिमा या चिन्हांनी गणित करणाऱ्या प्रणालीत चाळीसेक फाइली लिहून ठेवल्या आहेत. आता प्रात्यक्षिकं पायथनमध्ये घ्यायची आहेत, म्हणजे सिम्पाय, तेच काम करणारी पायथनची लायब्ररी. नवीन गणितं सहज घालता येतील, पण मला सरांचीच गणितं हवी आहेत.

कारण ती इथली आहेत. विहीर मोटरनं उपसली की पाझर किती वेगानं भरतो. फवारणीच्या टाकीत एकीकडून साधं पाणी सोडलं आणि दुसरीकडून औषधाचं पाणी जात राहिलं, तर अर्ध्या तासानं टाकीत औषध किती उरतं. व्होल्टेज पडलं की मोटरचं वायंडिंग कसं तापतं. आर्णी, दिग्रस रोडवरच्या खेड्यांतून एसटीनं येणारी मुलं ही गणितं वाचल्याबरोबर घरच्या विहिरीचे आकडे सांगायला लागतात. सरांनी फाइलीत मध्ये मध्ये मराठीत टिपाही लिहिल्या आहेत, उदाहरणार्थ "के म्हणजे पाझर, उन्हाळ्यात कमी धरा, गावात विचारून धरा". या टिपा एकही न हरवता पलीकडे न्यायच्या आहेत.

आधी एडिटरमध्ये शोधा-बदला करून पाहिलं. घाताच्या टोपीऐवजी दोन चांदण्या, कोलनऐवजी बरोबरचं चिन्ह. पण मॅक्सिमात नुसता कोलन म्हणजे किंमत ठेवणं, कोलन-बरोबर म्हणजे फंक्शनची व्याख्या आणि नुसतं बरोबर म्हणजे समीकरण. तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. मग वाचलं की मॅक्सिमा लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेतच लिहिलेलं आहे आणि कोणत्याही राशीचं पोट लिस्पच्या रूपात दाखवतं. ते करून पाहिलं. (मोबाइलवरून लिहिते आहे, म्हणून कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते.)

ए भागिले बी असं लिहून ":लिस्प"नं पाहिलं तर हे आलं:

((एमटाइम्स सिम्प) $ए ((एमएक्सपीटी सिम्प) $बी -१))

माझे प्रश्न असे. भागाकार कुठे गेला? हा "सिम्प" कशासाठी आहे, तो मी पुसू शकते का? विहिरीच्या फाइलीत मोठा एच म्हणजे विहिरीची भरलेली पातळी आणि लहान एच म्हणजे आत्ताची पातळी. पोटात मात्र एक $एच असा दिसतो आणि दुसरा दोन उभ्या दांड्यांमध्ये. यातला कोणता कोणाचा? आणि लिस्प वेगळं टाकावं लागेल का? प्रयोगशाळेत उबुंटूची मशीनं आहेत, नेट माझ्या मोबाइलवरून द्यावं लागतं आणि दुपारी लाइट असेलच असं नाही, त्यामुळे मोठं काही उतरवून घेणं अवघड आहे.

पायथन मला बऱ्यापैकी येतं. लिस्पमध्ये कंस मोजण्यापलीकडे अजून गेलेले नाही, पण शिकायची तयारी आहे.

---

संत्रा_वरुड

मॅडम, काहून एवढा कुटाणा करता? चाळीस फाइली म्हणजे काई लय नाई. हातानं लिहून टाका, पोरायले वाटून द्या, एकेकाच्या वाट्याले दोन-दोन येतीन. अन् नाईच जमलं त सिम्पायमध्ये मॅक्सिमा वाचाचं एक फंक्शन आधीच हाये, पार्स_मॅक्सिमा नावाचं. थे वापरून पाहा. लिस्पच्या नादी लागान त सेमिस्टर निंघून जाईन.

---

कंस_पूर्णाकाठचा

पळसफूल ताई, नमस्कार. मी खामगावकडचा. कॉमन लिस्पवर पोट आहे माझं, आणि मॅक्सिमाचं पोट उघडून बघणं हा आवडीचा उद्योग. तुमचं काम लिस्पनंच करा, कारण तुम्हाला जे लिहावंसं वाटतंय त्यातलं अर्धं मॅक्सिमानं आधीच लिहून ठेवलं आहे.

आधी वरुडकरांना. सिम्पायमधलं ते पार्स_मॅक्सिमा मी वाचलेलं आहे. ते ओळीतल्या अक्षरांवर नमुने जुळवून बदल करतं आणि मोजकीच फंक्शनं ओळखतं. एखाद्या साध्या राशीला पुरेल. पण डेरिव्हेटिव्ह, ओडीई२ (मॅक्सिमाचं डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारं फंक्शन), आधीच्या ओळीच्या उत्तराकडे बोट दाखवणारं टक्केचिन्ह हे सगळं आलं की पुरत नाही. अक्षरांवरून समीकरण तोडणं म्हणजे कापूस वेचायच्या जागी बोंडंच तोडून घरी आणणं. वेगळं करायचं काम तसंच राहतं. हातानं लिहायला माझी हरकत नाही, पण चाळीस फाइली चार हातांनी लिहिल्या की चार तऱ्हा होतात. विहिरीच्या गणितात एका चिन्हाची गफलत झाली तर ती कोणाच्या डोळ्यांना दिसायची?

लिस्प वेगळं टाकू नका. मॅक्सिमा लिस्पवरच चालतं, त्यामुळे लिस्प तुमच्या मशीनवर आलेलंच आहे. मॅक्सिमात बिल्ड_इन्फो() म्हणा, खाली कोणतं लिस्प आहे ते छापून येईल. टू_लिस्प() म्हटलं की तुम्ही थेट लिस्पच्या ओट्यावर, आणि (टू-मॅक्सिमा) म्हटलं की परत. सगळं ऑफलाइन.

आता तुमचा भागाकार. मॅक्सिमा कोणतीही ओळ दोन टप्प्यांत घेतं. पहिल्या टप्प्यात वाचतं, म्हणजे तुम्ही लिहिलं तसं झाड तयार करतं. त्या झाडात भागाकार एमकोशंट म्हणून असतो आणि वजाबाकी एममायनस म्हणून. दुसऱ्या टप्प्यात राशी सोपी होते. तिथं भागाकाराचा गुणाकार होतो उणे एक घातासह, वजाबाकीची बेरीज होते उणे एकनं गुणून, आणि पदं मॅक्सिमाच्या स्वतःच्या क्रमात लावली जातात. "सिम्प" ही त्या दुसऱ्या टप्प्याची खूण. ज्या गाठीवर ती आहे ती गाठ पुन्हा सोपी करायची गरज नाही, एवढंच मॅक्सिमा स्वतःला सांगून ठेवतं. म्हणून तर प्रत्येक क्रियेचं नाव एकटं नसून स्वतःच्या छोट्या यादीत बसलेलं असतं: नाव आणि त्यामागे खुणा. खूण पुसायची नाही, वाचताना सोडून द्यायची.

तुमच्या सगळ्या कामात हा एकच निर्णय खरा महत्त्वाचा आहे: झाड कोणत्या टप्प्यावरचं घ्यायचं? मी सांगेन, सोपं व्हायच्या आधीचं. सरांनी के गुणिले कंसात मोठा एच वजा लहान एच असं लिहिलं, त्यात शिकवणं आहे. भरायला जेवढं बाकी आहे तेवढा पाझराचा जोर, हे त्या कंसात दिसतं. सोपं झाल्यावर गणित तेच राहतं, पण मांडणी मॅक्सिमाची होते, सरांची राहत नाही.

इथं बरेच जण अडतात. ओळीच्या आधी अवतरणचिन्ह लावलं की सगळं जसंच्या तसं राहील असं वाटतं. ते चिन्ह फक्त किंमत काढणं थांबवतं, सोपं करणं थांबवत नाही. तुमच्या ए भागिले बी ला अवतरण लावून पाहा, तरी एमटाइम्सच येईल. त्यापेक्षा मॅक्सिमाचा वाचणारा भागच थेट हाताशी घ्या. लिस्पमध्ये त्याचं नाव एमरीड. फाइल उघडायची, एमरीडला द्यायची, ते एका वेळी एक विधान वाचून देतं. मिळालेल्या यादीतला तिसरा घटक म्हणजे तुमचं झाड. पहिल्या घटकात विधान अर्धविरामानं संपलं की डॉलरनं, तेही कळतं, म्हणजे उत्तर छापायचं की गप्प बसायचं. विहिरीचं समीकरण असं मिळेल:

((एमइक्वल) ((%डेरिव्हेटिव्ह) $एच $टी)
  ((एमटाइम्स) $के ((एमप्लस) |$एच| ((एममायनस) $एच))))

कुठे "सिम्प" नाही, वजाबाकी वजाबाकीच आहे. सगळ्या फाइलींत हीच नावं आहेत ना, ते एकेक फाइल वाचून आधी नुसतं छापून बघा.

आता दोन एच. दांड्यांमधला तो मोठा एच, विहिरीची भरलेली पातळी. साधा दिसणारा तो लहान. हे उलटं वाटेल. कॉमन लिस्प नावं वाचताना मोठ्या लिपीत नेतं, म्हणून मॅक्सिमानं लहान लिपीतलं नाव पोटात मोठ्या लिपीत ठेवायचं आणि मोठं नाव लहान लिपीत ठेवायचं असा करार केला आहे. नाव छापताना तुम्ही स्वतः लिपी बदलू नका. मॅक्सिमाचंच $एसकॉनकॅट फंक्शन त्या चिन्हावर चालवा, ते वापरणाऱ्याला दिसतं तसं नाव देईल. सगळी नावं सरसकट लहान केली तर तुमचे दोन्ही एच एक होतील, कंसात शून्य येईल आणि पायथन तक्रार न करता सांगेल की पाणी हलतच नाही.

डॉलर म्हणजे वापरणाऱ्यानं लिहिलेलं नाव. टक्का म्हणजे नामरूप, न सोडवता ठेवलेली क्रिया. साइन, लॉग हेही सोपं झाल्यावर टक्क्यासह दिसतात आणि वाचतानाच्या झाडात डॉलरसह येतात. दोन्ही रूपं ओळखायची सोय ठेवा.

उतरवणारं फंक्शन फार मोठं नाही. सांगाडा देतो:

(डीफन उतार (ई)
  (इफ (अ‍ॅटम ई)
      (उतार-पान ई)
      (केस (कार (कार ई))
        (एमप्लस (मांड "अ‍ॅड" (कुडर ई)))
        (एमटाइम्स (मांड "मल" (कुडर ई)))
        (एमएक्सपीटी (मांड "पाव" (कुडर ई)))
        (एमइक्वल (मांड "ईक्यू" (कुडर ई)))
        (टी (एरर "हे ओळखत नाही" )))))

कार म्हणजे यादीचा पहिला घटक, कुडर म्हणजे उरलेली यादी. क्रियेचं नाव छोट्या यादीत असल्यामुळे कार दोनदा. "मांड" हे तुम्ही लिहायचं: दिलेल्या यादीतल्या प्रत्येकावर मॅपकारनं पुन्हा "उतार" चालवायचं आणि स्वल्पविरामांनी जोडून कंसात बसवायचं. फंक्शन स्वतःलाच बोलावतं, झाड कितीही खोल असो. पायथनमध्ये हे तुम्ही केलेलं असणारच.

शेवटची ओळ काढू नका. जे ओळखीचं नाही तिथं थांबायलाच हवं. कित्येक जण तिथं "आहे तसं छाप" असं लिहितात, आणि मग चूक फाइलीत मुकाट शिरते. तुमचा अनुवादक पहिल्या दिवशी पंचवीस ठिकाणी अडला तर चांगलंच, ती पंचवीस ठिकाणं म्हणजेच तुमचं उरलेलं काम.

फाइलीच्या अगदी वर (इन-पॅकेज :मॅक्सिमा) लिहा, नाहीतर एमप्लस हे नाव वेगळ्याच पेटीत शोधलं जाईल आणि काहीच जुळणार नाही. कंस मोजू नका. जोडीचा कंस दाखवणारा कोणताही एडिटर घ्या आणि ओळी त्याला सरकवू द्या.

थोडं इतिहासाचं, कारण यानं पोट वाचायला सोपं जातं. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पवर काम सुरू केलं, तेव्हापासून राशीचं चिन्हांनी डिफरन्सिएशन करणं हे या भाषेच्या मनात होतं. मॅक्सिमा ज्या मूळ प्रणालीतून आलं ती १९६८ मध्ये एमआयटीतच सुरू झाली. त्या मूळ प्रणालीच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, Macsyma. टेक्सासचे विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून तिची अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडची प्रत सांभाळली, १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली देण्याची परवानगी मिळवली, आणि २००१ मध्ये ते गेले. आपल्या प्रयोगशाळेत आज हे फुकट चालतं ते त्या माणसामुळे. एमप्लसमधला "एम" त्या जुन्या घरातलाच.

---

वर्धेची_रेवा

कंस भाऊंनी लिस्पची बाजू सांगितली, मी सिम्पायची सांगते. माझं रोजचं काम सिम्पायवर आहे आणि पळसफूल ताईंची विहीर वाचून काही गोष्टी लगेच डोळ्यांपुढे आल्या.

सगळ्यात मोठी गोष्ट डेरिव्हेटिव्हची. मॅक्सिमात लहान एच हे नुसतं चिन्ह असलं तरी नामरूपातलं डेरिव्हेटिव्ह चालतं, ओडीई२ला दुसरा आणि तिसरा घटक म्हणून एच आणि टी दिले की त्याला कळतं कोण कोणावर अवलंबून आहे. सिम्पायला असं कळत नाही. एच नुसता सिंबल असेल तर टी च्या संदर्भात त्याचं डिफ शून्य येतं. एरर येत नाही, शून्य येतं. एच हा फंक्शन म्हणून जाहीर करून सगळीकडे एच(टी) असंच लिहावं लागतं.

म्हणून झाडावरून दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत काहीच छापायचं नाही. %डेरिव्हेटिव्हच्या पहिल्या जागी जी जी नावं आली ती एका यादीत ठेवायची, सोबत ती कशावर अवलंबून आहेत तेही. दुसऱ्या फेरीत ते नाव कुठेही भेटलं की एच(टी) छापायचं. ओडीई२चं डीसॉल्व्ह (सिम्पायमधलं तेच काम करणारं फंक्शन) करताना तिसरा घटक गाळायचा, कारण तो एच(टी) मध्येच आला.

पूर्णांक. पायथनमध्ये १ भागिले २ म्हणजे ०.५, दशांश आला. एकदा दशांश शिरला की पुढची सगळी उत्तरं दशांशात. प्रत्येक पूर्णांक इंटिजर( ) मध्ये गुंडाळून छापा, मग भागाकार अपूर्णांकच राहतो. मॅक्सिमानं सोप्या केलेल्या झाडात अपूर्णांक "रॅट" नावानं येतो. तुम्ही आधीचं झाड घेत असाल तर तो भेटणार नाही.

नावं. सिम्पाय सगळं आयात केलं की मोठा आय हा काल्पनिक एकक होतो, मोठा ई हा २.७१८ वाला, आणि एस, एन, क्यू, ओ हीसुद्धा आधीच घेतलेली नावं आहेत. सरांच्या फाइलीत विजेच्या सर्किटचं गणित असेल तर त्यात व्होल्टेज ई आणि करंट आय असणारच. मॅक्सिमात अडचण नव्हती, तिथं खास संख्यांना टक्क्याचं चिन्ह असतं. पायथन फाइलीच्या सुरुवातीलाच भेटलेली सगळी नावं सिंबल म्हणून जाहीर करा, म्हणजे तुमचा ई तुमचाच राहील.

आणि जाहीर एकदाच करा. सरांनी "के शून्यापेक्षा मोठा" असं अ‍ॅझ्यूमनं सांगितलं असेल. सिम्पायमध्ये ते सिंबल बनवतानाच सांगायचं असतं. गंमत नाही, खरंच त्रास आहे: पॉझिटिव्ह म्हणून बनवलेला के आणि साधा के ही सिम्पायच्या लेखी दोन वेगळी चिन्हं आहेत, छापली तर सारखीच दिसतात. पहिल्या फेरीत अ‍ॅझ्यूमची विधानंही गोळा करा आणि जाहीर करतानाच वापरा.

कंस भाऊंच्या एका गोष्टीशी मात्र मी सहमत नाही. अ‍ॅड, मल, पाव असं छापलं की चूक होत नाही हे मान्य, पण मुलांना ते वाचता येणार नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत के*(एच - एच(टी)) असंच दिसायला हवं, पहिला एच मोठा, दुसरा लहान. बेरीज-वजाबाकी चिन्हांनी छापा आणि प्रत्येक बेरजेला कंस घाला. चार कंस जास्त पडले तरी चालतील.

---

कंस_पूर्णाकाठचा

रेवा ताई, मान्य. मुलं वाचणार असतील तर चिन्हांनीच छापावं. फक्त घाताच्या दोन्ही बाजूंनाही कंस घाला. उणे संख्येचा घात असेल तर कंसावाचून अर्थ बदलतो.

---

पळसफूल

दोघांचे मनापासून आभार. संत्रा_वरुड, तुमचाही सल्ला मी अर्धा घेणार आहे, तपासायला मुलांना नक्की बसवणार.

एमरीड चाललं. सगळ्या फाइली नुसत्या छापून पाहिल्या, कंस भाऊंनी सांगितलं तसंच येतं. स्क्रीनवर |$एच| दिसला आणि समोर एसकॉनकॅटनं मोठा एच छापला, तेव्हा फार बरं वाटलं. "उतार" आता बेरीज, गुणाकार, घात, भागाकार, समीकरण एवढं ओळखतं आणि बाकीकडे एरर देऊन थांबतं.

दोन अडचणी उरल्या. पहिली, सरांच्या टिपा. एमरीड टिपा वाचतच नाही, गाळून टाकतं. मला तर त्या गणिताइतक्याच हव्या आहेत. टाकीच्या गणितात त्यांनी लिहिलं आहे, "टाकी ढवळत राहिली असं धरलं आहे. ढवळली नाही तर हे समीकरण खोटं." हे वाक्य गेलं तर गणित राहील, पण समज जाईल.

दुसरी, टक्केचिन्ह. सर समीकरण लिहितात, पुढच्या ओळीत ओडीई२(%, एच, टी), त्याच्या पुढच्या ओळीत सुरुवातीची अट घालणारं आयसी१(%, टी=०, एच=एच०). प्रत्येक ओळ मागच्या ओळीला धरून चालते.

आणि एक तपासण्याबद्दल. मॅक्सिमाचं उत्तर ईचा घात बाहेर आणि आत कंसात मोठा एच गुणिले ईचा घात अधिक %सी अशा रूपात येतं. सिम्पायचं उत्तर सरळ सी१ गुणिले ईचा घात अधिक एच. हातानं सोडवून बघितलं तर एकच आहे, पण चाळीस फाइलींत प्रत्येक उत्तर हातानं कसं ताडायचं?

---

कंस_पूर्णाकाठचा

टिपांसाठी सोपा मार्ग आहे. मॅक्सिमात दुहेरी अवतरणातला मजकूर हेही एक विधान होऊ शकतं. वाचायच्या आधी एडिटरमध्ये टिपेची सुरुवातीची खूण बदलून अवतरण करा, शेवटची खूण बदलून अवतरण आणि डॉलर करा. मग एमरीडला टीप म्हणजे नुसती एक स्ट्रिंग दिसेल, आणि "उतार-पान"मध्ये एवढंच सांगायचं की स्ट्रिंग भेटली तर पायथनची टीप म्हणून छाप. अनेक ओळींची असेल तर प्रत्येक ओळीपुढे खूण. फाइल यूटीएफ-८ असेल तर देवनागरीला काही होत नाही. हे चालतं दोन विधानांच्या मध्ये असलेल्या टिपांसाठी. समीकरणाच्या पोटात घातलेली टीप आधी हातानं वरच्या ओळीत न्या, आणि टिपेच्या मजकुरात दुहेरी अवतरण असेल तर तेवढं एकेरी करा. मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवून द्या.

टक्क्यासाठी: प्रत्येक विधानाच्या उत्तराला पायथनमध्ये नाव द्या, उत्तर१, उत्तर२ असं. झाडात $% भेटलं की शेवटचं नाव छापा. लक्षात ठेवा, डॉलरनं संपलेलं विधान छापत नाही, तरी टक्का त्याच्याकडेही बोट दाखवतो. त्यामुळे नाव दोन्हींना द्यायचं, आणि टिपेच्या स्ट्रिंगला मात्र नाही, नाहीतर टीपच ओडीई२ला जाईल.

---

वर्धेची_रेवा

आयसी१ मात्र जसंच्या तसं उतरत नाही, ते "उतार"मध्ये वेगळं लिहा. डीसॉल्व्हला सुरुवातीची अट आतच देता येते, पण मग सरांच्या दोन पायऱ्यांची एक होते. मी असं करीन: सर्वसाधारण उत्तराच्या उजव्या बाजूत टी ला शून्य घालायचं, ते एच० शी बरोबर धरून सी१ सोडवायचा, आणि तो परत उत्तरात घालायचा. मुलांना स्थिरांक कुठून येतो ते दिसेल. दुसऱ्या क्रमाच्या समीकरणांत मॅक्सिमा %के१, %के२ देतं, तिथं दोन अटी, दोन समीकरणं.

तपासणी दोन प्रकारे. सिम्पायमध्ये चेकओडीईसोल नावाचं फंक्शन आहे, ते उत्तर मूळ समीकरणात घालून बघतं. त्यानं कळतं की सिम्पायचं उत्तर सिम्पायच्या समीकरणाला बसतं. पण समीकरणच उतरवताना बिघडलं असेल तर ते इथं कळणार नाही. त्यासाठी दोन्हीकडे सुरुवातीची अट घातल्यानंतर तेच आकडे टाका आणि येणारी संख्या ताडा. अट घालायच्या आधी ताडू नका, दोन्हीकडचे स्थिरांक एकच असतील असं नाही.

विहिरीसाठी समजा भरलेली पातळी १२ फूट, उपसल्यावर ३ फूट, के ताशी अर्धा, दोन तास झाले. उत्तर १२ वजा ९ गुणिले ईचा उणे एक घात, म्हणजे ८.६८९ फूट. दोन्हीकडे हेच यायला हवं. आकडे सगळे वेगवेगळे घ्या, आणि शून्य किंवा एक कुठेही घेऊ नका, एक घेतला तर गुणाकार आणि भागाकारातला फरकच लपतो.

---

संत्रा_वरुड

आमच्याकडच्या विहिरीत मार्च लागला की पाझर अर्धा होते. के बदलवून पोरायले आलेख काढाले लावा मॅडम. अन् तपासाले लागलं त मी हाव, दहा फाइली पाठवा.

---

पळसफूल

विहिरीची फाइल संपूर्ण उतरली. दोन्हीकडे ८.६८९ आलं. सरांची टीप समीकरणाच्या वर जिथल्या तिथं आहे. दोन फेऱ्यांचं रेवा ताईंनी सांगितलेलं घातलं तेव्हाच डीसॉल्व्ह चाललं.

काल संध्याकाळी सरांच्या वावरात जाऊन छापलेला कागद दाखवला. तुरीच्या ओळींमध्ये उभं राहून त्यांनी तो सगळा वाचला आणि म्हणाले, के अर्धा फार झाला, आपल्या काळ्या जमिनीत एवढा पाझर नसतो, मुलांना स्वतः मोजून आणायला सांगा. त्यामुळे के ची किंमत फाइलीत न ठेवता वर विचारून घेणारी ओळ घातली आहे.

वरुडकर, दहा फाइली आज रात्री पाठवते, लाइट असली तर. त्यात सर्किटचं गणित आहे, ई आणि आय दोन्ही आहेत, तेवढं नीट बघा. आता राहिलं प्लॉट२डी, मॅक्सिमाचं आलेख काढणारं फंक्शन. ते "उतार"मध्ये घालावं की प्रत्येक फाइलीत हातानं लिहावं?

---

कंस_पूर्णाकाठचा

हातानं. प्लॉट२डीच्या मागं लागणारे पर्याय प्रत्येक फाइलीत वेगळे असतात आणि आलेख तर तुम्हाला पायथनच्या मॅटप्लॉटलिबच्या तऱ्हेनंच शिकवायचा आहे. "उतार"मध्ये प्लॉट२डी भेटलं की मूळ ओळ टीप म्हणून छापा आणि खाली "आलेख बाकी" असं लिहा. सगळ्या फाइली झाल्या की ते दोन शब्द शोधत जा.